थोड्या उड्या, पण दणकून

आमच्या सरांनी जिन्याची शेवटची पायरी आयुष्यात कधी वापरली नसेल. तास संपवून वरच्या मजल्यावरून यायचे ते चारचौघांसारखे, बगलेत सांगाड्याचा तक्ता, हातात खडूची डबी. शेवटच्या पायरीपाशी आले की थांबायचे, चष्मा नाकावर घट्ट बसवायचे आणि दोन्ही पाय जुळवून धप्पकन खाली फरशीवर. ऑफिसातले कारकून मान वर न करता म्हणायचे, "आले." नवा माणूस मात्र दचकायचा. पन्नाशी केव्हाच उलटलेला, बारीक चणीचा, पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टातला प्राध्यापक पोरासारखी उडी मारतो म्हणजे काय! पहिल्या दिवशी मी धावतच गेले, मला वाटलं पडले. ते उभे, शर्ट झटकत. म्हणाले, "पडलो नाही मॅडम. हाडांना आवाज दिला."

हे धुळ्याच्या कॉलेजातलं, ऐंशीच्या दशकाच्या शेवटशेवटचं. मी नुकतीच प्राणिशास्त्र शिकवायला लागले होते. आमचं मारवाडी जैन घर, वडिलांचं कापडाचं दुकान. ज्या घरात पाणीसुद्धा गाळून पितात त्या घरातली मुलगी बेडूक कापायला शिकवणार म्हटल्यावर आमच्या काकांनी माझ्याशी अबोलाच धरला होता. खरं सांगायचं तर मलाही ते जड जात होतं. सरांना मी एका शब्दानं बोलले नव्हते, पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी वेळापत्रकावर रेघ मारली आणि म्हणाले, "कापाकापी माझ्याकडे. तुम्ही सांगाडे शिकवा आणि रसायनांची कामं बघा. हाडं अहिंसक असतात." पुढे कधी त्याचा उच्चार नाही, उपकाराची भाषा नाही. हा माणूस आपला, हे मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

सर मूळचे सावद्याचे. भाऊ केळीच्या बागा बघायचे. अधूनमधून कुणाच्या तरी हातून केळ्यांचा घड यायचा आणि सर तो प्रयोगशाळेत सांगाड्याशेजारच्या खुंटीला टांगायचे. मुलांनी सांगाड्याला हात लावला तर चालायचं, केळ्याला विचारून. स्वभावानं अगदी शांत, कुणावर ओरडलेले मी ऐकले नाहीत. वेड एकच, हाड. लोक माणसाचा चेहरा बघतात, हे चाल बघायचे. रस्त्यात ओळखीचा भेटला की नमस्काराच्या आधी, "टाच नीट टेकवत नाही तुम्ही!" त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा नवऱ्या मुलाला यांनी अंगणात चालून दाखवायला लावलं म्हणे. हे मला काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पदराआड हसत सांगितलं. मुलगा पसंत पडला. "जावई बिचारा अजून आमच्याकडे आला की टाचा आपटत चालतो," काकू म्हणाल्या.

त्यांचा हाडांवरचा तास ऐकायला दुसऱ्या वर्गांची मुलं दारात उभी राहायची. "हाड म्हणजे वाळलेलं लाकूड वाटतं ना तुम्हाला? हाड म्हणजे आपल्या गल्लीतला रस्ता. एक टोळी खणत जाते, मागून दुसरी टोळी भरत येते. अंगभर, रोज, तुम्ही झोपलेले असलात तरी. खणणारे भराभर उरकतात, भरणाऱ्यांना वेळ लागतो. तरुणपणी दोघांचं जमतं. पुढे पुढे खणणारे डोईजड होतात. मग भरणाऱ्यांना उठवायचं कसं? तर दणका देऊन. उडी मारून खाली आलात की हाड किंचित वाकतं. आतल्या गवंड्याला कळतं, इथं काम निघालं." मग टेबलावर चढायचे आणि उडी मारून दाखवायचे. मुलं टाळ्या वाजवायची. सरांना टाळ्यांचं काही नसे, ते पुढच्या वाक्याला लागलेले असत.

दुधाचं नाव काढलं की चिडायचे. "दूध म्हणजे विटा. विटा आणून अंगणात ओतल्या म्हणून घर उभं राहतं का? गवंडी नको?" सायकल त्यांनी कधीच विकून टाकली होती, बसून पाय फिरवल्यानं हाडाला काय कळणार म्हणून. तापीत पोहून छाती कमावलेला एक विद्यार्थी होता, त्याला सगळ्यांदेखत सांगितलं, "छाती छान आहे रे, पण पाणी तुझं ओझं उचलतं. हाडाला वाटतं, आज सुट्टी." एसटीत बसायचे तर मागच्या चाकावरच्या सीटवर. लोक ती सीट चुकवायला धावतात, हे मिळवायला धावायचे.

पण त्यांचा एक नियम होता आणि त्यापुढे कुणाचं चालत नसे. हे सगळं धडधाकट माणसांसाठी. गुडघा धरलेला, कंबर गेलेली, म्हातारं, गरोदर, कुणी आलं तर हात जोडून परत. आमच्या संस्थेचे अध्यक्ष एकदा हौसेनं पांढरे बूट घालून सरांकडून उड्या शिकायला मैदानावर आले होते. त्यांचा पाय पूर्वी मोडलेला. सर म्हणाले, "तुम्ही खुर्चीवर बसा साहेब. तुमची उडी मी मारतो." प्राचार्यांना घाम फुटला. अध्यक्ष तणतणत गाडीत बसून गेले आणि त्या वर्षी आमच्या विभागाला नवीन सूक्ष्मदर्शक मिळायचा होता तो काही मिळाला नाही. सरांना त्याचंही काही नाही. "त्यांचं हाड राहिलं ना," म्हणाले.

आणि सारखं बजावायचे, "थोड्या उड्या, पण दणकून. मधे थांबायचं. सारखा दणदणाट केला तर हाड बहिरं होतं." तास-तास घाम गाळणाऱ्यांची त्यांना कीव यायची.

आता स्टाफरूमला हे कुठून पटणार? तिथं सगळ्यांचं एकच म्हणणं: वापरली की वस्तू झिजते. चपला झिजतात, टायर झिजतात, हाडं का नाही झिजणार? फिजिक्सचे एक सर होते, पोट चांगलं सुटलेलं, त्यांना सगळे आबा म्हणत. आबा चहाचा कप पोटावर ठेवून सांगायचे, "सर, घर्षण म्हणजे घर्षण. तुम्ही पोरांची हाडं लवकर संपवताय." इतर वेळी सर हसून सोडून देत. पण निवृत्तीला एक वर्ष राहिलं तेव्हा हे बोलणं त्यांच्या मनाला लागायला लागलं. एक दिवस मला म्हणाले, "मॅडम, तीस वर्षं मी सांगत आलो. वाचलेलं सांगितलं, वाटलेलं सांगितलं. स्वतः बघितलेलं काहीच नाही. आबा बरोबर असले तर?"

झालं! तिथून प्रयोग सुरू झाला. फेब्रुवारीत जळगावला प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांचा मेळावा भरणार होता. तिथं सर आयुष्यातला पहिला निबंध वाचणार होते: उड्यांनी धडधाकट माणसाचं हाड झिजतं की नाही.

रक्त द्यायला स्टाफरूममधलं कुणी तयार होईना. मग राहिली लघवी. हाड खणलं गेलं की त्यातलं एक द्रव्य रक्तातून लघवीत उतरतं. नमुना आम्लात उकळायचा, मग एकदोन रसायनं घालायची, की गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद तितकं हाड जास्त खणलेलं. हे काम माझ्याकडे. पहिला नमुना उड्या सुरू करायच्या आधी, दुसरा काही महिन्यांनी, आणि दोन्ही एकदमच तपासायचे म्हणून पहिले आम्ही बर्फाच्या कप्प्यात जपून ठेवले. घरातून माझ्या नमुन्याची बाटली नेताना वडिलांनी विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "विज्ञान." 

सरांनी सगळ्यांना एकच पथ्य घातलं. "नमुन्याच्या आदल्या दिवशी मटण, मासे, अंडं, काही खायचं नाही. कारण विचारू नका, विचारलंत तर तास घेईन." कुणी विचारलं नाही. सरांच्या तासाला मुलं गर्दी करत, प्राध्यापक नव्हे.

दिवाळीच्या आधी आमची पहाट मैदानावर व्हायला लागली. आबा आले, कारण हाडं झिजणारच अशी त्यांनी सरांशी पैज मारली होती. मराठीच्या बाई आल्या, कारण त्यांची आई वाकून वाकून दुहेरी झाली होती आणि बाईंना तसं व्हायचं नव्हतं. आमचा प्रयोगशाळेतला शिपाई नाना आला, तो शिंदखेड्याकडचा, अंगानं पैलवान, सरांवर जीव टाकणारा. शिवाय ऑफिसातले दोघेतिघे. आणि मी, पदर कमरेला खोचून. सिमेंटचा एक बुटका ओटा होता, त्यावरून खाली उडी मारायची, थांबायचं, श्वास घ्यायचा, परत चढायचं. पहिल्या दिवशी आबांनी उडी मारली तेव्हा झाडावरचे कावळे उडाले. नाना म्हणाला, "सर, मना गुडघा बोली राहिनात." सर गंभीरपणे म्हणाले, "काय बोलतात ते ऐक, आणि आज घरी जा. दुखत असेल तर उडी नाही." दुसऱ्या दिवशी नाना परत हजर, गुडघे गप्प झाले म्हणून.

खरं बोलायचं तर थंडी वाढली तशी गर्दी विरळ झाली. खानदेशातली थंडी म्हणजे अंथरूण सोडवत नाही. आबांना सर्दी व्हायची, बाईंच्या घरी पाहुणे यायचे, ऑफिसवाल्यांना ऑडिट लागायचं. मी मात्र नेमानं जायचे. एकतर सरांचा लोभ, आणि दुसरं म्हणजे घरातून कुठलंही कारण न देता बाहेर पडायला मिळायचं. कुणी आलं नाही तरी सर रागवायचे नाहीत. आलेल्यांना एकेक केळं द्यायचे.

फेब्रुवारीत दुसरा नमुना घेतला. दुपारची वेळ होती. जुने नमुने पुढच्या रांगेत, नवे मागच्या रांगेत, सगळ्या नळ्या स्टँडमध्ये. मी शेवटचं रसायन घातलं, कोमट पाण्यात ठेवल्या आणि दोघं बघत बसलो. पुढच्या रांगेत हळूहळू फिकट गुलाबी रंग चढला, पाण्यात थोडं गुलाबाचं सरबत घातल्यासारखा. मागच्या रांगेत रंग चढला तो थांबेचना. आबांची नळी लाल. बाईंची लाल. नानाची तर अशी की बीट पिळून भरलंय. फक्त माझी आणि सरांची फिकट राहिली. रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या कलरीमीटरवर आकडे घेतले, तेही तेच सांगत होते.

सर खाली बसले. मी म्हटलं, "सर, माझी कशी फिकट?" म्हणाले, "तुमचं वय लहान. तरुण हाड सोसतं." "आणि तुमची?" "मला सवय." दोन्ही उत्तरं त्यांनी माझ्याकडे न बघता दिली. मग अगदी हळू म्हणाले, "आबा बरोबर होते. मी या लोकांची हाडं झिजवली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाला कुलूप. सरांनीच पहारेकऱ्याला सांगून फाटक लावून घेतलं होतं. कुणाला कारण सांगितलं नाही. तास घ्यायचे, पण हाडांचा धडा आला तिथं पुस्तक वाचून दाखवलं. आणि जिना उतरताना, अहो, कठड्याला धरून, एकेक पायरी. ऑफिसातले कारकून त्या दिवशी प्रथम मान वर करून बघायला लागले. 

मी त्यांच्या घरी गेले. काकू ओट्यावर तूर निवडत होत्या. म्हणाल्या, "जेवत नाहीत बाई. रातचे उठून बसतात. मले म्हणतात, मराठीच्या बाईंची आई वाकली ती वयानं, बाई वाकल्या तर त्या माझ्यामुळं." आत सर निबंध लिहीत बसले होते. मी वाचला. सरळ लिहिलेलं: उड्यांनी धडधाकट माणसाचं हाड झिजतं, माझ्या सहकाऱ्यांवर मी हे करायला नको होतं. मला रागच आला. म्हटलं, "सर, हे वाचायचं नाही. मेळाव्याला जाऊच नका. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं आहे," सर म्हणाले. "कुणीतरी दुसरा असाच शहाणा कुठंतरी लोकांना उड्या मारायला लावत असेल. त्याला नको कळायला?" मी निबंध त्यांच्या पुढ्यात परत ठेवला. हात टेकले.

मेळावा शनिवारी होता. सर एकटेच जाणार होते, पण त्यांचं काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांना दिसत होतं. त्यामुळं मी सोबतीला म्हणून सकाळच्या जळगाव गाडीला गेले, बघते तर आबा, मराठीच्या बाई, नाना, सगळे पिशव्या घेऊन उभे. "सरांचा पहिलाच निबंध, टाळ्या वाजवायला कुणी नको का?" आबा म्हणाले. टाळ्या! मी तोंड फिरवून घेतलं. सर पुढच्या सीटवर बसले, मऊ गादीच्या. मागच्या चाकाकडे बघितलंसुद्धा नाही.

पारोळ्याला गाडी चहाला थांबली. सगळे स्टँडवरच्या बाकाभोवती जमलो. सरांनी चहाचा ग्लास हातात धरला, प्यायले नाहीत. आणि बाईंकडे बघून म्हणाले, "मला तुम्हा सगळ्यांची माफी मागायची आहे. तिथं ऐकण्याआधी माझ्या तोंडून ऐका. उड्यांनी तुमची हाडं झिजली. नळ्या लाल झाल्या. मी जबाबदार."

 आबा, ज्यांनी हीच पैज मारली होती, ते खाली मान घालून चहा ढवळायला लागले. त्यांना जिंकल्याचा काही आनंद झालेला दिसला नाही. शेवटी नानाला राहवेना. तो सरांच्या पुढ्यात उकिडवा बसला.

"सर, उगा मनले लाई लेऊ नका. हाडं कसा झिजतीन? आम्ही बठ्ठास्नी पाया पिधा ना, तुम्हनासाठे!"

सरांनी ग्लास खाली ठेवला. "काय प्यायलात?"

मग आबांनी गळा साफ केला. "सर, आता लपवण्यात अर्थ नाही. आम्ही थंडीत निम्म्या दांड्या मारल्या. नमुन्याची तारीख आली तेव्हा सगळ्यांच्या मनाला लागलं. आपल्या आळसामुळं सरांचं नाक कापलं जायला नको. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी नानाच्या घरी जमलो. त्याच्या बायकोनं पाया केला, बोकडाचे पाय दिवसभर शिजवून. दोन-दोन वाट्या प्यायलो. म्हटलं, हाडाला हाडाचा आधार."

"पण मी सांगितलं होतं, मटण नाही!"

"नही खादं!" नानाला राग आला. "एक बोटी नही खादी. पाया ते औषध शे, मटण थोडंच शे! हाड मोडनं तर वैद्य बी पायाज सांगस."

"उपासाला औषध चालतं, सर," मराठीच्या बाई म्हणाल्या, आणि त्या अगदी मनापासून म्हणाल्या.

मी कपाळावर हात मारला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मी ओरडलेच, "मला का नाही सांगितलंत?" नाना म्हणाला, "मॅडम, तुम्ही जैन शेतस. तुम्हले कसं सांगतूत?"

सर उठून उभे राहिले. माझ्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. "तुमची फिकट. माझी फिकट. आपण दोघांनी नाही घेतला." मग आबांकडे, बाईंकडे, नानाकडे बघत राहिले. "म्हणजे ते हाड तुमचं नव्हतंच."

"मग कुणाचं?" आबांनी विचारलं.

"बोकडाचं!" सर एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या गाडीचा कंडक्टर वळून बघायला लागला. "अहो, बोकडाचं हाड होतं ते! पायातलं सगळं द्रव्य जसंच्या तसं नळीत उतरलं!" आणि ते हसायला लागले. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता बाकावर बसले आणि मग रडायला लागले, अगदी लहान मुलासारखे, आणि नाना त्यांची पाठ थोपटत "पानी पी ल्या सर, पानी" म्हणत राहिला. माझाही जीव भांड्यात पडला. पण जीव पडल्यावर रागही आला. सगळ्या थंडीचं काम दोन वाट्यांत बुडालं होतं. तसं मी म्हटलंही. सर डोळे पुसत म्हणाले, "बुडू द्या हो. माणसं तरली."

जळगावात सभागृह भरलेलं होतं. सरांचं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी लिहून आणलेला निबंध घडी करून खिशात घातला आणि तसेच माईकपाशी गेले. जे झालं ते पहिल्यापासून सांगितलं. ओटा, उड्या, दांड्या, नळ्या, पाया. नावं कुणाची घेतली नाहीत. पायापाशी आले तेव्हा सभागृहात असा हशा पिकला की मेळाव्याच्या अध्यक्षांना टेबल वाजवावं लागलं. आबा माझ्या शेजारी बसून घाम पुसत होते. जेवणाची वेळ होत आली होती, भरताचा वास आत यायला लागला होता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका वजनदार प्राध्यापकांनी उभं राहून विचारलं, "ते सगळं ठीक. पण निष्कर्ष काय? उड्यांनी हाड घडतं की झिजतं? एका वाक्यात सांगा."

मला वाटलं, आता सर दोन फिकट नळ्यांचा दाखला देणार. द्यायला हरकत नव्हती. तीस वर्षं ज्या गोष्टीवर विश्वास ठेवला तिच्या बाजूनं दोन नळ्या होत्या, विरुद्ध एकही राहिली नव्हती.

"माहीत नाही," सर म्हणाले.

सभागृहात कुजबुज झाली. सर माईक धरून उभे. "दोन माणसांवरून बोललो तर ती बढाई होईल. मला अजून माहीत नाही. पण गेले काही दिवस मी असं धरून चाललो होतो की माझ्या जवळच्या माणसांचं मी वाईट केलं. तसा पुरावा आज माझ्याकडे नाही. त्याचा मला इतका आनंद झालाय की निष्कर्ष नसल्याचं दुःख करायला सवड नाही. पुन्हा करून बघेन. नमस्कार."

टाळ्या पडल्या. आबा उभे राहून वाजवत होते. मराठीच्या बाई चक्क रडत होत्या. मी कसली रडते, पण टाळ्या वाजवायची शेवटपर्यंत थांबले नाही. मी आयुष्यात पुष्कळ विद्वान पाहिले नंतर, पुष्कळ निबंध ऐकले. "माहीत नाही" इतक्या आनंदानं म्हणणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

भरीत-पुरी खाऊन, संध्याकाळच्या गाडीनं निघालो. एरंडोल यायच्या आत सर झोपले. खिडकीवर डोकं, तोंड किंचित उघडं. काकूंना सांगायला पाहिजे, असं मी मनाशी म्हटलं. धुळ्याच्या स्टँडवर गाडी शिरली तेव्हा जागे झाले आणि डोळे चोळत पहिलं वाक्य बोलले, "सोमवारी सकाळी नवीन नमुना. पहिल्यापासून."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आबा म्हणाले, "सर, मंगळवारी घेऊ या ना. उद्या रविवार."

रविवार म्हणजे काय हे धुळ्यात सांगायला लागत नाही. सकाळपासून खाटकाच्या दुकानापुढे पिशव्या घेऊन लोक उभे असतात, दुपारी गल्लीगल्लीत काळ्या मसाल्याचा वास. नानाकडे तर त्या दिवशी जावई यायचा होता. सरांनी मान डोलावली. म्हणाले, "बरोबर आहे. जबरदस्ती नाही. ज्याला जमेल त्यानं बाटली आणावी." कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. आपापल्या रिक्षा धरल्या.

सोमवारी टेबलावर सगळ्यांच्या बाटल्या होत्या. मला काही खरं वाटेना. बाटली आणून ठेवली म्हणजे रविवारी पथ्य पाळलं असं थोडंच? मी दिवसभर काम करत राहिले, सर तास घेऊन घेऊन मधे डोकावून जात होते. दुपारी उशिरा नळ्या कोमट पाण्यातून काढल्या आणि स्टँडमध्ये रांगेनं लावल्या. नाना दारात उभा होता. सरांनी विचारलं, "काय रे, जावई आला होता ना?"

"उना व्हता ना सर," नाना म्हणाला. "त्यानेज खादं बठ्ठं. मी वरण-भात."

सर वाकून एकेक नळी बघत गेले. आबांची. बाईंची. ऑफिसवाल्यांची. नानाची. शेवटी चष्मा काढून पुसायला लागले आणि बराच वेळ पुसतच राहिले. धुळ्यात, रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्या नळ्या फिकट होत्या.